तरुण संघाला तरुण पाहिजेत

उपाय पहिला: खेळ ठेवावेत.

ठेवले. पोत्यात पाय घालून पळायची शर्यत. शिट्टी वाजली आणि चर्चच्या तरुण संघाचे जुने सदस्य, दंतवैद्य, तिसऱ्या उडीला जे खाली बसले ते उठेचनात. संघातल्याच बेकरीवालीने त्यांना एका बाजूने धरलं, संघाच्या प्रमुखाने, म्हणजे दादाने, दुसऱ्या. तिघं मिळून कण्हले.

"जिंकलं कोण?" दंतवैद्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"पोतं," बेकरीवाली म्हणाली.

उपाय दुसरा. पण त्याआधी ही शहाणीसुरती माणसं पोत्यात का शिरली ते सांगायला हवं.

दादाचं चष्म्याचं दुकान. तो तरुण संघाचा प्रमुख झाला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. मग लग्न झालं, मुलगी झाली, टक्कल पडलं. प्रमुखपद मात्र जिथल्या तिथे. कुणी बदला म्हटलं नाही, त्याने विषय काढला नाही. बाकीच्यांचंही तेच. जे एकदा तरुण म्हणून आत आले ते तरुणच राहिले. दर रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये प्रार्थना व्हायची, मग 'तरुणांपुढील मोह' या विषयावर चर्चा व्हायची, आणि ती चर्चा हमखास रक्तातल्या साखरेवर येऊन थांबायची.

अशात नवे पाळक आले. वयाने लहान, बोलायला मऊ. मागच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळी सभा ऐकली आणि शेवटी म्हणाले, "छान झालं. आता तरुणांना बोलवा."

कुणी हललं नाही.

"आम्हीच ते," दादा म्हणाला.

पाळकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. "दादा, महिनाअखेरपर्यंत पंचविशीच्या आतली माणसं या हॉलमध्ये दिसू द्यात. नाहीतर हॉल गायकवृंदाला द्यावा लागेल. ते कधीचे मागे लागलेत."

गायकवृंद! दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाच्या खाली भीती होती. सोमवार ते शनिवार तो चष्मेवाला होता. संघ गेला तर रविवारी संध्याकाळी आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"शिंगं मोडून वासरांत शिरलास, त्याला माझी ना नाही," ती म्हणाली. "पण वासरं कुठायत?"

म्हणून पोतं.

आता उपाय दुसरा: संगीत असावं.

दंतवैद्यांनी गिटार काढली. बेकरीवालीने बिस्किटांच्या लालचीवर दोन पोरं आणली. पोरं आली, बसली, हॉलभर नजर फिरवली आणि अतिशय अदबीने उठून उभी राहिली. "बसा ना आजोबा," एकाने दंतवैद्यांना आपली खुर्ची दिली. दंतवैद्यांनी एक तार छेडली, ती तुटली. पोरांनी बिस्किटं खिशात घातली आणि 'सावकाश घरी जा हं' असं सांगून गेली.

उपाय तिसरा: त्यांच्या भाषेत बोलावं.

हा प्रयोग दादाने घरी, जेवताना, मुलीवर केला. ती पान अर्ध्यावर टाकून खोलीत गेली आणि आतून कडी लावली. याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

उपाय चौथा: विचारावं.

हा पहिला असायला हवा होता. पण माणूस आधी पोत्यात शिरतो.

मुलगी कॉलेज सुटल्यावर दुकानात यायची आणि आरशापुढे एकेक फ्रेम चढवून बघायची. दादा काच पुसत म्हणाला, "तू संघात का येत नाहीस गं?"

"येते की. दर रविवारी."

"थापा मारू नकोस. मी असतो तिथे."

"तू आत असतोस. आम्ही मागच्या जिन्यावर."

"आम्ही म्हणजे?"

"चर्चमधली सगळी पोरं. गातो, प्रार्थना करतो, भांडतो. परवा एकजण नापास झाला तर सगळे मिळून रडलो. मजा आली."

दादाची काच पुसून झाली होती, तरी तो पुसतच राहिला. "मग आत यायला काय झालं?"

"आत तरुण संघाची सभा असते ना बाबा." तिने गुलाबी फ्रेम काढून काळी चढवली. "आणि तू खिडकीतून ओरडलास. 'हळू रे पोरांनो, इथे तरुणांचं काम चाललंय.'"

"एकदा ओरडलो असेन."

ती नुसती आरशातून बघत राहिली.

"बरं, बऱ्याचदा," दादा म्हणाला. मग, दाताचं दुखणं सांगावं तसं, "आम्ही बाहेर गेलो तर तुम्ही आत याल?"

"तू रागावणार नाहीस?"

"रागावणार."

"मग येऊ. रागावणार नाही म्हणाला असतास तर खरं वाटलं नसतं."

पुढच्या रविवारी दादाने संघाला उभं राहून सांगितलं की हॉल पोरांना द्यायचा. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"मग आपण कोण?" दंतवैद्यांनी विचारलं.

"आपण दमलेले लोक आहोत, डॉक्टर," बेकरीवाली म्हणाली. "मी तर कधीची वाट बघतेय कुणी घरी जा म्हणतंय का त्याची."

दादाने हॉलची किल्ली मुलीच्या हातात दिली. म्हणजे द्यायला हात पुढे केला. बोटं सोडवून घेण्याचं काम तिलाच करावं लागलं.

त्यानंतरचा रविवार. उपाय वगैरे काही नाही. संध्याकाळ, घर, दादा.

"किती पाणी घालशील त्या कुंडीत?" बायको म्हणाली. "पोहायला लागेल ते झाड."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी. मागे हॉलमधला गलका.

"बाबा, पाळक म्हणतात इमारतीत एक मोठं माणूस लागतंच. नियम आहे. आम्ही मत घेतलं, तुझं नाव आलं."

"एकमताने?"

"नाही. पण आलं."

मोठं माणूस. हा शब्द दादाला आजवर चर्चमध्ये कुणी लावला नव्हता. त्याने तो जरा तोलून पाहिला. "काय करायचं असतं?"

"काहीच नाही. तुला तेच जड जाणारे. हॉलशेजारच्या स्वयंपाकघरात बसायचं. आत यायचं नाही, गाणं दुरुस्त करायचं नाही, आणि 'आमच्या वेळी' म्हणायचं नाही."

"आणि आग लागली तर?"

"तर ये."

दादा शर्टाची बटणं रस्त्यात लावत गेला.

स्वयंपाकघरात एक खुर्ची, एक किटली आणि भिंतीपलीकडे पोरं. त्यांनी त्याचंच आवडतं गीत उचललं आणि दुसऱ्या ओळीला पार खड्ड्यात घातलं. दादाने किटलीचा कान घट्ट धरला. तिसऱ्या ओळीला तो अर्धा उठला. मग आत कुणीतरी खो खो हसलं, सगळे हसले आणि तीच चूक त्यांनी पहिल्यापासून, दुप्पट जोरात केली. दादा खाली बसला.

दारातून मुलीचं डोकं आलं. "ठीक आहेस?"

"दुसरी ओळ—"

"बाबा."

"ठीक आहे."

"पुढच्या रविवारी मोकळा आहेस का?"

मोठ्या माणसांना रविवारी हजार कामं असतात असा चेहरा दादाने केला. "बघतो," म्हणाला.

ती आत गेली. त्याने खुर्ची उचलली, आवाज न करता, आणि दाराच्या जरा जवळ नेऊन ठेवली.