उत्तर न आलेली शीळ

एक काळं फडकं.
वडाचा चीक लावलेल्या काड्या.
वलवणच्या एका बंगल्याचा व्हरांडा.
शेपटीचं राखाडी पीस.
उघडं दार.

मित्रांनो, मी एक जुना बांबूचा पिंजरा आहे. माझं आयुष्य एवढंच. आता जोडून सांगतो.

मला डोंगरावरच्या वाडीतल्या सावळाआबांनी विणलं. टाकव्याचा हौशीराम समोर बसला होता.

"कोंबडीच्या पिलांना व्हय रं?" आबांनी विचारलं.

"व्हय की, आबा."

"मग काड्या येवढ्या जवळ कशापायी? पिलू काय साप हाय?"

हौशीराम नुसता हसला.

माझ्यात राहायला आला राजा. काळापांढरा दयाळ पक्षी, पिसं फुटत असतानाच घरट्यातून उचललेला. दयाळ नर आपल्या झाडांवर दुसऱ्या नराचं गाणं खपवून घेत नाही. हौशीरामचा धंदा या एका गोष्टीवर चाले. तो मला फडक्यात गुंडाळून नदीकाठच्या करंजाला टांगी, भोवती चिकट काड्या खोची आणि फडकं काढी. उजेड दिसला की राजा शीळ घाली. रानातला दयाळ भांडायला झेपावे आणि चिकटे. मग पिशवी. मग विकत घेणाऱ्याचा व्हरांडा, बहुतेक वलवणच्या एखाद्या बंगल्याचा. रानपाखरं धरायला कायद्याने बंदी आहे. ते फडकं त्यासाठीच होतं.

कधी राखाडी मादी चिकटे. तिला हौशीराम गोडेतेल लावून हळूच सोडवी. "गाणारा तेवढा न्यायचा. माद्या ठेवल्या की रान भरल्यालं ऱ्हातं," असं तो सांगे. लोक त्याच्या दयेचं कौतुक करत. एक मादी अशीच सुटली, तेव्हा तिचं पीस माझ्या काडीत अडकून राहिलं.

मग एका वसंतात राजा गायला आणि समोरून काहीच आलं नाही. हौशीरामने मला वलवणला नेलं, घोरावाडीपलीकडच्या मळ्यांत नेलं. राजा गाई. थांबे. मान वाकडी करून ऐके. ते थांबणं सर्वांत लांब असे.

"राजा आजारी दिसतोय," हौशीराम घरी म्हणाला.

त्याची आई रतनबाई तांदूळ निवडत होती. "आजारी कशाचा? गातोय की चांगला. ऐकाय कोन हाय तितं?"

"माद्या हायती की, आये. येकबी नेली न्हाई म्या."

"लय उपकार केलंस! दादलं समदं उचाललंस, बाया ठिवल्यास. पाळणं कशानं हालायचं?"

"येक कोंबडा धा कोंबड्यांना पुरतो."

"ह्यो तुज्या खुराड्यातला कोंबडा हाय व्हय? ह्यो जोडीनं ऱ्हातो, घरटं राखतो. आपल्या न्हाणीच्या भिताडात व्हता, इसरलास?"

त्या दिवशी हौशीराम जेवला नाही. दुसऱ्या सकाळी त्याने मला फडक्याशिवाय नेलं, करंजाला टांगलं आणि दार उघडलं. काड्या नव्हत्या.

"जा बाबा. संसार कर."

राजा फांदीवर बसून गायला. बऱ्याच वेळाने पलीकडून एक बारीक आवाज आला. राखाडी मादी. ती शेजारच्या झाडावर उतरली, अजून एक फांदी जवळ आली. मग तिला मी दिसलो. ती घोगरं ओरडली आणि नदीपार गेली. माझ्या काडीतलं पीस तिचंच होतं का, मला सांगता येत नाही.

दिवस मावळताना राजा आपल्या पायांनी माझ्यात परत आला. दार उघडंच होतं. थंडीत एका सकाळी तो उठलाच नाही.

हौशीराम आता पाखरं धरत नाही. त्याला वाटतं, उघडं दार दिसलं की पाखरं येतील. म्हणून तो मला याच करंजाला टांगून ठेवतो, वाटीत पाणी भरतो आणि दूर बांधावर बसून वाट बघतो. वाटीत फक्त पानं पडतात. ज्या माद्या मला ओळखतात त्या या काठाला फिरकत नाहीत, आणि हे मला त्याला सांगता येत नाही.

मित्रांनो, गाणारं पाखरू त्याच्या झाडावरच ऐका, घरी मागू नका. आणि कधी टाकव्याला आलात, तर आधी मला खाली काढा. चुलीत घातलंत तरी चालेल. वाटी मात्र राहू द्या.

सावळाआबांनी माझ्यासाठी जो बांबू तोडला, त्याच्या पोकळ बुंध्यात दयाळाची चार अंडी होती.