पस्तीस अंशांवरचा बर्फ

शुक्रवारी दुपारी साडेतीनला अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या घरात, जेवणाच्या टेबलावर तीन फोन, एक लॅपटॉप आणि चिवड्याचा उघडा डबा असा सगळा पसारा पडला होता. प्रश्न मात्र एकच होता. उद्या स्कीइंगला जायचं कुठे?

एरवी हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. पण श्रीरंगला पार्किन्सन होऊन तीन वर्षं झाली होती, आणि ऑक्टोबरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, स्कीइंग करायचं तर या हिवाळ्यात करून घ्या, पुढच्याचं पुढे बघू. डॉक्टर लोकांच्या 'बघू'चा अर्थ त्याच्या बायकोला, रेणूला, आता न सांगता कळायचा. मुलगी सिया त्यासाठीच दूर दक्षिणेतल्या कॅरीहून विमानानं आली होती आणि रविवारी परत जाणार होती. म्हणजे हातात शनिवार एकच. आणि गुरुवारी, ऐन जानेवारीत, दिवसभर पाऊस पडला होता.

"आई, टेकडी इज ब्राउन," सियानं लॅपटॉप आईकडे फिरवला. "वेबकॅम बघ ना. मधे एक मळका पट्टा उरलाय, बस."

टेकडी म्हणजे घरापासून वीस मिनिटांवरचं छोटंसं स्की एरिया. त्याला इंग्रजीत चांगलं भारदस्त नाव होतं, पण या घरात ती टेकडीच. सिया पाच वर्षांची असताना श्रीरंगनं तिला तिथे शिकायला घातलं आणि सोबत म्हणून स्वतःचंही नाव दिलं. वर्गात अकरा पोरं आणि एक मिशीवाला. पोरं पडली की हसत उठायची, हा पडला की आधी चष्मा शोधायचा. पण शिकला. इतका छान शिकला, की पुढे बापलेक मोठमोठ्या डोंगरांवर जायला लागले. रेणू मात्र कुठेही गेली तरी खालच्या कँटीनमध्ये पोह्यांचा डबा राखत बसायची. बसून बसून तिनं भिंतीवरचे बर्फाचे रिपोर्ट इतके वाचले होते, की वर कधीही न जाता तिला वरचं सगळं ठाऊक होतं.

स्पीकरवर केदार होता. मराठी मंडळातला स्कीइंगचा जाणकार, फोनमध्ये हवामानाची चार ॲप बाळगणारा.

"वहिनी, विचार काय करताय? नॉर्थला चला. मी तर आत्ताच निघतोय. वर रात्री चार इंच बर्फ पडणार आहे. तीन ॲप तेच म्हणतायत."

"चार ॲप आहेत ना तुमच्याकडे? चौथं काय म्हणतंय?"

"चौथं... जरा वारा म्हणतंय."

"जरा म्हणजे वर नेणारे लिफ्टचे पाळणे बंद होण्याइतका?"

"तुम्ही पण ना वहिनी! हवामान खात्यात हव्या होतात. पण टेकडीवर काय ठेवलंय, यार? त्यापेक्षा आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार जास्त आहे."

नॉर्थला, मोठ्या डोंगरांवर, जायचं म्हणजे चार तास गाडीत. तासभर बसलं तरी श्रीरंगचं अंग लाकडासारखं आखडायचं. चार तासांनंतर तो बूट तरी घालू शकेल का, हे तिघांनाही माहीत नव्हतं. आणि तिथे जाऊन लिफ्ट बंद निघाल्या तर? पण जवळ राहिलं आणि टेकडी उघडलीच नाही तर? टेकडीवाले उद्या सकाळी सहाला सांगणार होते. नॉर्थला आधीच बुक करून ठेवलेलं हॉटेल फुकट कॅन्सल करायची मुदत होती आज संध्याकाळी सहापर्यंत.

श्रीरंग चहा घ्यायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला. पाय जणू फरशीला चिकटले. सियानं हे पहिल्यांदाच पाहिलं. ती धावत उठायला गेली तशी रेणूनं डोळ्यांनीच तिला बसवलं, स्वतः जाऊन आपलं पाऊल त्याच्या पावलापुढे आडवं ठेवलं, आणि तो ते ओलांडून सहज पुढे गेला.

"रोजचंच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा आवाजही हल्ली दोन पायऱ्या खाली उतरला होता. "तुझी आई म्हणजे माझा उंबरठा."

सिया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

रेणूनं मग फोन उचलला. तपमान पस्तीस फॅरनहाइट. पाणी गोठतं बत्तीसला, तेव्हा टेकडीवाल्यांच्या बर्फ पाडायच्या यंत्रानंसुद्धा बर्फ पडायचा नाही, असं कोणीही म्हणालं असतं. सिया म्हणालीच. पण रेणू खालचा बारीक आकडा बघत होती. पाऊस गेल्यावर वायव्येकडून कोरडं वारं सुटलं होतं, आणि हवेतली ओल नव्वदावरून तीस टक्क्यांवर आली होती.

"होईल," ती म्हणाली.

"काय होईल?"

"बर्फ. पस्तीसला होईल."

"आई, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स."

"काहून नाही? नागपूरला मे महिन्यात आमचा कूलर कसा चालायचा? बाहेर पंचेचाळीस सेल्सिअस, आणि आत गोधडी घ्यायला लागायची. मीच भरायची त्यात पाणी, स्टुलावर चढून. हवा कोरडी असली की पाणी उडतं, आणि उडता उडता उरलेल्याला गार करून जातं. तोच कूलर जूनमध्ये नुसता चिकचिकाट. मशीन तेच, पाणी तेच. फरक हवेचा."

"पुण्यात कूलर लागत नाही," श्रीरंग सवयीनं म्हणाला.

"पुण्यात काहीच लागत नाही. सगळं असतंच तुमच्याकडे."

तो हसला. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. "तत्त्व बरोबर आहे तिचं. पण रेणू, कूलरच्या भरवशावर शनिवार लावायचा?"

तिनं गाडीची किल्ली उचलली. "बघून येते. सहाच्या आत फोन करते."

टेकडीच्या पार्किंगमध्ये एकही गाडी नव्हती. पावसाचं पाणी डबक्या-डबक्यांनी साचलं होतं. रेणूचा पाय पहिल्याच डबक्यात गेला आणि मोजा भिजला. पाणी अजून पाणीच होतं. झालं, तिला वाटलं, चुकलं आपलं. तेवढ्यात वरून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग शंभर प्रेशर कुकरांनी एकदम वाफ सोडावी तसा. उतारावर एका रांगेत उभ्या असलेल्या, बर्फ पाडणाऱ्या तोफांमधून पाण्याचे फवारे मावळत्या उजेडात उंच उडाले, धुकं झाले, वाऱ्यावर कलले, आणि खाली येताना पांढरे झाले.

ती भिजल्या पायानं चढत गेली. नारिंगी जाकिटातली एक दणकट बाई पहिल्या तोफेपुढे हात लांब करून उभी होती आणि आपल्या बाहीकडे टक लावून बघत होती. रेणू जवळ आली तशी तिनं काही न बोलता तिचाही हात धरून पुढे केला. बाहीवर दाणे पडले. चिकटले नाहीत. मोहरीसारखे टणटण उडून खाली गेले.

"उडाले तर चांगला. चिकटले तर ओला," बाई त्या गर्जनेवर ओरडून म्हणाली. "कोरडी हवा आहे! रात्रभर चालवणार!"

खाली डबक्यात पाणी होतं आणि इथे, साठ पावलांवर, त्याच हवेत बर्फ पडत होता. तपकिरी गवतावर, तिच्या केसांवर, भुवयांवर. कूलरचं तत्त्व तिला लहानपणापासून पाठ होतं, पण तत्त्व पाठ असणं वेगळं, आणि ते आपल्या डोक्यावर पांढरंशुभ्र होऊन पडणं वेगळं. घर बांधणाऱ्या गवंड्यासारखी ती बाई शांतपणे पुढच्या तोफेकडे गेली. रेणू बराच वेळ हात पुढे करून तशीच उभी राहिली.

पाच पंचावन्नला तिनं फोन केला. "कॅन्सल करा."

सकाळी नऊला टेकडी उघडली. दोन्ही बाजूंना चिखल आणि वाळलेलं गवत, मधे वरपासून खालपर्यंत एक अरुंद पांढरी वाट, उजेडात डोळ्यांत खुपणारी. केदारचा मेसेज आला होता: 'लिफ्ट वाऱ्यानं बंद. हॉट चॉकलेट पितोय.' रेणूनं तो कोणाला दाखवला नाही.

गाडीपासून लिफ्टपर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला. बूट घालायला सियानं गुडघे टेकले, बक्कल लावायला रेणूनं. दोनदा पाय अडले. लिफ्टवाल्या माणसानं लिफ्ट थांबवली, पाळणा हातानं धरला, आणि बापलेक वर गेले.

वर पोचल्यावर श्रीरंग उभा राहिला. हललाच नाही. खालून तो निळ्या टिंबाएवढा दिसत होता, शेजारी सियाचं लाल टिंब. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाय अडले, रेणूला कळलं. तिथे पुढे पाऊल ठेवायला ती नव्हती, आणि स्कीवर पाऊल उचलायचं तरी काय? आपणच हट्ट केला, आपणच हॉटेल सोडलं. आता त्याला लोक उचलून खाली आणतील आणि सिया हेच डोळ्यांत घेऊन परत जाईल.

मग निळं टिंब किंचित पुढे झुकलं.

पाऊल उचलायचं नव्हतंच. उतारच त्याला घेऊन निघाला. तो डावीकडे वळला, लांब, भरदार वळण; मग उजवीकडे. घरात पेला धरताना थरथरणारा हात काठी अलगद टेकवत होता. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जायला ज्याला चार मिनिटं लागायची, तो माणूस पाण्यासारखा उतरत होता. कुठेही न अडखळता, गुडघ्यांतून हलके झोके घेत. आखडलेलं अंग वरच कुणापाशी ठेवून आल्यासारखा. मागून सिया येत होती. तिला त्याला गाठता येत नव्हतं.

हा आजार रेणूनं वाचला होता, औषधांच्या वेळा तिला पाठ होत्या, कुठली नस काय करते तेही माहीत होतं. यातलं काहीच या दृश्याला लागू पडत नव्हतं. हा सगळा वेळ तो आत असा होता? खुर्चीत, दारात, रात्री कूस बदलता येत नाही म्हणून हाक मारताना, आत हाच होता?

तो खाली आला तशी ती त्याला धरायला दोन्ही हात पसरून पुढे झाली. पण तो थांबलाच नाही. तिच्या शेजारून सर्रकन गेला. चेहऱ्यावर रोजचा लाकडी भाव नव्हता, दात दिसत होते. सरळ लिफ्टच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"आई!" सिया धापा टाकत, रडत, हसत तिच्यापाशी आली. "आई, बाबा वोन्ट स्टॉप! थांबतच नाहीयेत!"

"मग माझ्यापाशी काय करतेस? जा ना!"

सिया गेली. रेणूचे पसरलेले हात मात्र तसेच राहिले होते, आणि त्यांत शिकाऊ वर्गातली एक पाच-सहा वर्षांची अनोळखी मुलगी, ब्रेक न लागल्यामुळे, येऊन धडकली. रेणूनं तिला घट्ट धरलं. हेल्मेटखालून दोन डोळे वर बघत होते. रेणूकडे नाही, वर निघालेल्या पाळण्यातल्या निळ्या जाकिटाकडे.

"त्यांच्यासारखं उतरायला शिकवतात का इथे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नाही गं बाई," रेणू मराठीतच म्हणाली. मग तिनं त्या पोरीला उताराच्या दिशेनं नीट उभी केली, आणि दोघी मान वर करून बघत राहिल्या.