एकाच कॅसेटचा टेपरेकॉर्डर

ती गेल्याचा फोन दवाखान्यातून गॅरेजमध्ये आला, तेव्हा मी औजारांच्या फळीवर होतो. मेकॅनिकने फोन ठेवला. समोरच्या गाडीचा अर्धा राहिलेला नट आवळला आणि मग तो खाली बसला. ती त्याची बायको.

मित्रांनो, मी या गॅरेजातला जुना टेपरेकॉर्डर. एका गिऱ्हाइकाने डिकीतला पसारा काढताना मला इथेच सोडलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून इथल्या बँडची गाणी भरून घेणं हेच माझं काम. बँड तिघांचा. मेकॅनिक गिटार वाजवायचा, ती गायची आणि तिचा धाकटा भाऊ ड्रम बडवायचा. त्याला सगळे धडधड्या म्हणत. दर रविवारी दुपारी शटर ओढून तालीम चाले. शेजारचा शिंपी विचारायचा, गाड्या दुरुस्त करता की फोडता? पण ती गायला लागली की त्याचं शिलाई मशीन थांबायचं, हे मी ऐकलं आहे.

कॅसेट मात्र एकच. तालीम भरायची, चहा पिताना ऐकायची, चुका काढायच्या आणि पुढच्या रविवारी तिच्यावरच नवी भरायची. ती म्हणायची, जुनं कुरवाळत बसलं की गळ्याला गंज चढतो. भरायचं काम धडधड्याचं. त्यासाठी दोन बटणं एकदम दाबावी लागत. ऐकवायचं एक बटण तिचं. शेवटच्या रविवारी तिला धाप लागली आणि ती चहा न घेताच घरी गेली. भरलेली ती तालीम कुणी ऐकलीच नाही.

महिन्याभराने दोघे माझ्यासमोर आले. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मेकॅनिकने माझी धूळ पुसली, कॅसेट मागे फिरवली. त्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं.

"तूच लाव. माझ्याच्याने होत नाही."

"ताई रागवेल, भाऊजी. तिचं बटण आहे ते." धडधड्या हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याने डोळे मिटून हात पुढे केला. बोटांना सव्वीस वर्षांची सवय. दोन्ही बटणं खाली गेली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. जे दाबाल ते मी करतो. आवाज येईना, तेव्हा सुरुवात कोरी असेल असं समजून दोघे कान देऊन उभे राहिले. मी त्यांचे श्वास भरत होतो आणि तिला पुसत होतो. भरताना लागणारा माझा लाल दिवा मेकॅनिकला दिसला. त्याने वायर उपटली.

"किती गेलं?" धडधड्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मला मारा, भाऊजी."

"तिने तुला कधी बोट लावलं नाही. मी कशाला लावू?"

तुमच्या घरात कुणाचा आवाज भरलेला असेल, तर त्याची दुसरी प्रत करून ठेवा. आजच करा.

माझ्यातली कॅसेट थांबली तिथेच आहे. तिच्यावर पुढे काय उरलं आहे, ते अजून कुणी ऐकलेलं नाही.