चाकाखालची पाचर

लेकीने बँकेतली नोकरी सोडून बार्बेक्यूचा ट्रेलर घेतला, त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. पेटते कोळसे, हातभर सुऱ्या, तापलेली जाळी, आणि पोरगी अशी की साधा चहा ठेवला तरी उतू जाऊ देणार. तू वेंधळी आहेस, तुझ्याच्याने होणार नाही, असं मी तोंडावर म्हणायचो. खरं सांगतो, राग कसला, भीती होती ती. पण बापाला भीती वाटते हे सांगायला जीभ रेटत नाही.

शेवटी बायकोने मला घराबाहेर काढलंच. "महिना झाला. एकदा जाऊन जेवून तरी या. पोर वाट बघते."

गेलो. उताराच्या रस्त्यावर, कडेला ट्रेलर उभा, आणि खाली वर्दळीचा चौक. ट्रेलर ओढणारी गाडी सोडवून बाजूला लावलेली. लेक आत एकटी, घामाने निथळत होती. समोर सात-आठ माणसं रांगेत. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मलाच कसंतरी झालं.

"बसा बाबा. तुमच्यासाठी चांगले तुकडे बाजूला ठेवलेत."

कोंबडी आतून मऊ, वरून खरपूस. नाव ठेवायला जागा नव्हती. टेबल मात्र डुगडुगत होतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस मी, डुगडुगतं टेबल मला दातात अडकलेल्या तंतूसारखं छळतं. इकडे तिकडे बघितलं, तर ट्रेलरच्या चाकाशी लाकडाची छान पाचर. ट्रेलरला पुढे लोखंडी पाय टेकवलेला होता, त्यावरच सगळा भार आहे असं मी धरून चाललो. दोन हिसके देऊन पाचर काढली आणि टेबलाखाली सारली. टेबल गप्प झालं. मी खुशीत पुढचा घास घेतला.

लेकीने आत कोळशाची गोणी ओढली आणि ट्रेलर हलला.

आधी वाटलं, भास झाला. मग दिसलं की त्या लोखंडी पायाला खाली छोटं चाक होतं. आत माझी लेक, तिच्या पुढ्यात पेटती भट्टी, आणि खाली चौकात बस वळत होती. रांग पांगली. एका पोस्टमनने तेवढा ट्रेलरचा मागचा दांडा धरला, पण तोही फरफटत चालला.

मी टेबल उलथवलं, पाचर उचलली, धावत जाऊन चाकापुढे टाकली. चाकाने ती भिरकावून दिली. पुन्हा उचलली आणि या वेळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बोटं जातील हे कळत होतं. जाऊ देत म्हटलं. चाक लाकडावर चढलं, करकरलं आणि थांबलं. बोटं वाचली, कशी ते मला विचारू नका.

लेक खाली उतरली. मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा उठला होता.

"मीच पाचर लावायला विसरले, बाबा. तुम्ही म्हणता तेच खरं. मला नाही जमणार. उद्याच विकून टाकते हे."

महिनाभर मला हेच तर ऐकायचं होतं. गडबडीत कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर पोर सुखरूप घरी आली असती, पुन्हा बँकेत गेली असती. ट्रेलर घसरताना भ्यालो नव्हतो एवढा मी आता भ्यालो.

"तू विसरली नव्हतीस," मी म्हणालो. "मी काढली. टेबलाखाली लावायला."

पोस्टमनसकट सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती मात्र त्या चाकाकडेच बघत होती.

"मग नाही विकत," ती म्हणाली, आणि मनगटाला ओला फडका गुंडाळून परत आत चढली.

त्याला आज नऊ दिवस झाले. ट्रेलर रोज लागतो, रांगही असते म्हणे. माझ्याशी ती अजून बोललेली नाही.