तळघराला भुयार नव्हतं

लेखिकेची पहिली ऐतिहासिक कादंबरी इतकी खपली, की प्रकाशकानं ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या बदलल्या आणि तेव्हापासून तिच्यामागे दुसऱ्या भागाचा धोशा लावला. माणूस मऊ खुर्चीत बसला की त्याच्या अपेक्षा वाढतात. लेखिका चार वर्षं 'लिहितेय' म्हणत राहिली. ते खोटं नव्हतं. ती लिहीत होती आणि फाडत होती.

गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. एका शहराला वेढा पडलेला, वरून तोफांचा मारा. एक घर कोसळतं आणि धान्याच्या तळघरात आई आणि तिची दोन पोरं अडकतात. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चारचा. आई 'पाणी घेऊन येते' म्हणून बाहेर पडते, ती परतत नाही. मुलांना पुढे माणसं छताच्या, पोरंच मावतील अशा फटीतून वर ओढून काढतात. पुस्तक तिथंच संपतं, आणि वाचकांना तेच सोसलं नव्हतं. जो भेटे तो एकच विचारी, बाई, आई गेली कुठे? काहींना ती शत्रूच्या छावणीत हवी होती, काहींना दूरच्या गावी, पण जिवंत हवी होती सगळ्यांनाच.

मुलाखतीत 'हे सुचलं कसं' असं विचारलं की लेखिका जुन्या कागदपत्रांची नावं घेई. कागदपत्रं तिनं चाळली होती, नाही असं नाही. पण खरी गोष्ट तिनं स्वतःच्याच आयुष्यातून उचलून तीनशे वर्षं मागे नेऊन ठेवली होती. ती दहा वर्षांची असताना ते राहत होते ती इमारत भर दुपारी खाली बसली. जिन्याखालच्या पोकळीत ती, धाकटा भाऊ आणि आई अडकले. मिट्ट काळोख. आई थोडा वेळ बोलत होती, मग बोलेनाशी झाली. ती का बोलत नाही हे दहा वर्षांच्या मुलीला कळतं. भाऊ विचारायला लागला तेव्हा तिनं सांगितलं, 'आई पाणी आणायला गेलीय, येईल आता.' माणसं त्यांना उकरून काढेपर्यंत ती हेच सांगत राहिली. मध्ये मध्ये त्यात भर घालत राहिली. आई कुठल्या नळावर गेली असेल, रांगेत पुढे कोण असेल, येताना काय आणेल.

पुढे ज्या मावशीनं दोघांना वाढवलं तिनंही हाच धागा पुढे ओढला. तुमची आई मदत आणायला निघाली होती, वरच्या जिन्यात सापडली, असं ती सांगे. भावानं कधी विचारलं नाही, लेखिकेनं कधी काढलं नाही. घरात तो विषय असा निघून गेला होता की जणू कधी नव्हताच. आपण आईच्या शेजारी रात्रभर पडून होतो, आणि तिचा जीव गेलेला होता, हे भावाला माहीत नाही, अशी लेखिकेची पक्की खात्री होती. दुसऱ्या भागाचं गाडं अडलं होतं ते इथं. मोठी झालेली मुलगी त्या तळघरात परत जाणार, हे तर उघडच होतं. पण तिथं तिला आई सापडली, तर भावाला ते छापील पानावर कळणार. आणि नाही सापडली, तर पुन्हा तेच, आई पाणी आणायला गेलीय.

अशात एके दिवशी प्रकाशकाकडच्या संपादिकेचा फोन आला. ही पोरगी वयानं लहान, पण नजर घारीची.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचार."

"दुसऱ्या भागाच्या तयारीला म्हणून पहिला पुन्हा वाचला. त्यात कमान कोसळते आणि तळघराचं दार बुजतं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि त्याच्या पुढच्या प्रकरणात आई त्याच दारातून बाहेर जाते. म्हणजे… कशी जाते?"

लेखिकेनं कपाटातून पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. दार बुजलं होतं. दगड, चुना, तुळई, सगळं तिनंच रचून रचून घातलं होतं. आणि लगेच पुढच्या प्रकरणात आई पदर खोचून दारातून बाहेर पडत होती. इतक्या आवृत्त्या निघाल्या, परीक्षणं आली, सत्कार झाले, एकालाही ते दिसलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. तिला दरदरून घाम फुटला.

"घाबरू नका हो मॅडम," संपादिका म्हणाली. "सोपं आहे. भुयार घालू! जुन्या काळी कुठेही भुयार असायचंच. आई भुयारातून निसटली, पलीकडच्या गावी पोचली, तिथं आजारी पडली. सरांना एकदम पसंत आहे. ते म्हणाले तिसरा भागही निघेल."

प्रकाशकाला भुयारात चौथाही दिसला असता. लेखिका 'बघते' म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

बांधकामाचं काही अडलं की ती भावाकडे जाई. तो जुन्या इमारती तपासायचं काम करतो. हातोडी घेऊन भिंती, तुळया, छत ठोकत फिरायचं, आवाज ऐकायचा, आणि ही इमारत उभी राहील की पाडावी लागेल ते सांगायचं. म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. तिची हस्तलिखितं तो डोळ्यांत तेल घालून तपासायचा. चुना एका दिवसात धरत नाही, इतक्या रुंद गाळ्याला इतकी बारीक तुळई पुरत नाही, असल्या चुकांवर त्यानं ताईला भरपूर सुनावलं होतं. रस्त्यानं जाताना तिला एवढंच खुपत होतं, की असल्या माणसाच्या नजरेतून ते दार सुटलं कसं.

तो एका बंद पडलेल्या वसतिगृहात होता. खोल्यांमधून लोखंडी खाटा काढून नेलेल्या, भिंतींवर त्यांचे ओरखडे तेवढे राहिलेले. त्यानं तिला हेल्मेट दिलं आणि रंगाचा एक रिकामा डबा उलटा करून बसायला दिला. स्वतः मात्र तो ठोकतच राहिला.

"ठोक्या, धान्याच्या तळघराला भुयार असू शकतं का रे?"

"कुठल्या?"

"माझ्या. पुस्तकातल्या."

"नाही."

"अरे, विचार तरी कर जरा."

"विचार कशाला? तीन बाजूंना खडक आहे, असं तूच लिहून बसलीयस. चौथीकडे दार. आणि ते बुजलंय."

"म्हणजे तुला दिसलं होतं ते?"

"पहिल्याच वाचनात."

"आणि बोलला नाहीस? एका विटेच्या जाडीवरून माझं डोकं खाणारा माणूस तू! लोकांत माझी शोभा व्हायची वेळ आलीय. त्या एवढ्याशा पोरीनं मला पकडलं."

"सोडून दिलं मुद्दाम."

"का?"

त्यानं ठोकणं थांबवलं. हातोडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, हात पॅंटला पुसले. "तू तिला बाहेर काढलं होतंस, ताई. मी कशाला आडवा येऊ?"

लेखिकेला आधी वाटलं तो पुस्तकातल्या आईबद्दल बोलतोय. मग तसं वाटेना. ती घाईघाईनं म्हणाली, "मावशी म्हणायची ना, आई वरच्या जिन्यात—"

"मावशी म्हणायची," तो म्हणाला. त्यानं दुसरा डबा ओढला आणि तिच्यासमोर बसला. एखाद्या घरमालकाला वाईट अहवाल सांगायचा असला की तो असाच समोर बसतो, आवाज चढवत नाही, उतरवत नाही. "आई माझ्या शेजारी होती. तू पलीकडे, मध्ये तो मोठा दगड. तिचा हात माझ्या पायावर होता. ती मला थोपटत होती. मग थांबली. हात तिथंच राहिला. हळूहळू गार पडला."

लेखिकेनं डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"तू सांगायला लागलीस, आई पाणी आणायला गेलीय. मी हूं हूं म्हणत होतो. आणि पाय हलवत नव्हतो. हलवला असता तर तिचा हात खाली पडला असता. बांगड्यांचा आवाज झाला असता. मग तुला कळलं असतं ना, की ती कुठे गेलीच नाहीये म्हणून."

दवाखान्यात त्याला उभं राहता येत नव्हतं, हे लेखिकेला आत्ता आठवलं. डॉक्टरांनी पाय दोनदोनदा तपासला. हाड शाबूत, जखम नाही. घाबरलाय, म्हणाले. मावशी म्हणाली लाडात आलाय, उचलून घ्यायला हवंय. पाय नुसता आखडला होता. चार वर्षांच्या पोरानं तो दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत जागचा हलवला नव्हता. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तो आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस होता आणि मध्ये चुन्याची पोती होती.

"मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. म्हणून तर सांगत होते."

आता थक्क व्हायची पाळी ठोक्याची होती. "मला काय माहीत? तू इतकं छान सांगत होतीस. मला वाटलं, तुला खरंच वाटतंय ती येईल."

दोघंही शहाणी म्हणून नावाजलेली. एक भिंतीच्या पोटातलं ओळखणारा, दुसरी तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मनातलं सांगणारी. आणि दोघांनी एकच मरण एकमेकांपासून जन्मभर लपवून ठेवलं, एकमेकांना त्रास नको म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तर ते दोघांनी, तेही आपापलं. त्यावर हसावं की रडावं हे लेखिकेला कळेना. ती थोडं हसली आणि मग बरंच रडली. ठोक्यानं थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला आणि ती रडून होईतो बसून राहिला. त्या दिवशी वसतिगृहाची उरलेली भिंत तपासायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं संपादिकेला फोन करून भुयाराला नकार कळवला. प्रकाशकानं स्वतः फोन घेऊन वाचकांच्या भावनांबद्दल बराच वेळ सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि ती लिहायला बसली. तळघराचं प्रकरण तिनं एका आठवड्यात संपवलं. मोठी झालेली बहीण आणि मोठा झालेला भाऊ मिळून दार उकरतात आणि खाली उतरतात. आई तिथंच असते. पहिल्या भागात दारातून गेलेली बाई कोण, तर ती बहिणीनं भावाला सांगितलेली गोष्ट. पुस्तकाची चूक अशी आपोआप सुधारली, आणि संपादिका म्हणाली की हे भुयारापेक्षा बरं आहे.

पण छापायला देण्याआधी ते ठोक्यापुढे ठेवायचं होतं, आणि त्या पानांचं ओझं लेखिकेला याआधी कधी इतकं वाटलं नव्हतं. तो नको म्हणाला असता, तर तिनं ती पानं फाडली असती, खुर्च्या गेल्या खड्ड्यात. रविवारी सकाळी ती त्याच्या घरी गेली. भावजयीनं दोघांना बघितलं आणि काहीतरी आणायचं निमित्त काढून ती बाजारात गेली. ठोक्या जेवणाच्या टेबलाशी बसून पेन्सिल घेऊन वाचू लागला. मुलाच्या पायाचा भाग आला तिथं थांबला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"नको असेल तर सांग," लेखिका म्हणाली. "काढून टाकते."

"राहू दे." त्यानं पान संपवलं, मग मागे आला आणि एका ओळीखाली रेघ मारली. "हे चुकलंय. इथं तू लिहिलंयस, दार बुजल्यापासून मुलगा घाबरून गेला होता."

"नव्हता?"

"नंतर घाबरला. पण ती थोपटत होती तोवर नाही."

लेखिकेनं ती ओळ खोडली. नवीन लिहायला पेन टेकवलं, आणि तिच्या लक्षात आलं की तिला हे लिहिता येणार नाही. ती दगडाच्या पलीकडे होती. तिला आईचा नुसता आवाज आला होता.

"कसं थोपटत होती?" तिनं विचारलं.

ठोक्याला ते शब्दांत सांगता येईना. तो खुर्ची सरकवून जवळ आला आणि त्यानं तिच्या मनगटावर थोपटून दाखवलं, दोन सावकाश, मग जरा थांबून एक. पुन्हा दोन, पुन्हा एक. कळलं का, असं त्यानं नजरेनंच विचारलं. तिला पहिल्या खेपेलाच कळलं होतं, पण बराच वेळ ती त्याला पुरे म्हणाली नाही.