उरलेली अर्धी

देविका शाळेत नेसायच्या साडीला इस्त्री करत होती, तेवढ्यात सासूबाई खोलीत आल्या आणि त्यांनी गोळ्यांची एक रिकामी पट्टी तिच्यासमोर टाकली.

"या आणखी मिळतील का गं?"

देविकेने इस्त्री उभी करून ठेवली. पट्टी तिच्या चांगलीच ओळखीची होती.

"माझ्या तर होळीलाच बंद झाल्या, आई. आता कुणाला हव्यात?"

प्रमोदिनीबाईंनी आधी दार लोटलं, मग म्हणाल्या, "यांना."

दोन वर्षांपूर्वी वर्गात फळ्यापुढे उभी असताना देविकेचा श्वास कोंडला होता. हातपाय गार पडले, आता आपण मरणार असं वाटलं, आणि मुलांच्या देखत ती जमिनीवर बसली. तेव्हा सुटलेली नोकरी आता कुठे परत मिळाली होती. प्रेम नगरच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली, त्या दिवशी याच सासूबाईंनी घराण्याच्या सगळ्या पिढ्या मोजून दाखवल्या होत्या. पेशवाईत झाशीला आलेल्या मूळपुरुषापासून आजवर कुणाला वेड्यांची गोळी लागली नव्हती म्हणे. मुकुलनेही, "प्राणायाम करून बघ ना," म्हणून नवऱ्याचं कर्तव्य उरकलं होतं.

देविका मात्र डॉक्टरांच्या शब्दाबाहेर गेली नाही. बरं वाटू लागल्यावर त्यांनी दिवाळीत गोळी अर्ध्यावर आणली. एकदम सोडायची नाही, अंगावर येते, हे त्यांनी पुन्हापुन्हा बजावलं होतं. गोळी कापायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. त्यांचा सुपारीचा अडकित्ता असा धारदार, की बरोबर मधोमध दोन तुकडे होत. एक तुकडा त्या देविकेच्या हातावर ठेवत. दुसरा उद्याला ठेवावा, तर ते त्यांना पटत नसे. कापलेलं फळ आणि कापलेली गोळी रात्रभर ठेवली की शिळी होते, तिच्यात काही राम राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या तो तुकडा मोरीत टाकत असतील, असंच देविका समजून चालली होती. असल्या गोष्टींवरून सासूशी वाद घालायचं बळ तेव्हा तिच्यात नव्हतं.

"मोरीत कशाला टाकेन?" प्रमोदिनीबाई आता म्हणाल्या. "इतकं महागाचं औषध. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून यांचा डोळा लागत नव्हता. म्हटलं, ताजी आहे, घ्या. लहान मुलासारखे झोपायला लागले."

"आणि माझी बंद झाल्यावर?"

"माणिक चौकातला दुकानवाला तुझ्या डॉक्टरच्या जुन्या पर्च्यावर देत होता. आता म्हणतो, माताजी, नया पर्चा लाइए। परवापासून एक गोळी नाही घरात."

देविकेने हिशेब जुळवला. म्हणजे सासऱ्यांच्या, अप्पांच्या, हातातली कपबशी दोन दिवस खडखडत होती ती यामुळे. कूलरसमोर बसून घामाने निथळणं, दूधवाल्यावर धावून जाणं, रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालणं, हे सगळं घराने झाशीच्या उन्हाळ्याच्या नावावर खपवलं होतं.

"तू जा आणि सांग डॉक्टरला, पुन्हा घबराहट होते म्हणून. लगेच लिहून देईल."

"मी सांगू? सोमवारी शाळेत रुजू व्हायचंय मला, आई. दोन वर्षांनी."

"मग काय झालं? तुझं तर नाव झालंच आहे तिथे. यांचं आणखी कशाला करायचं?"

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, आणि तेच देविकेला जास्त लागलं. एका भांड्याला पोचा पडलेलाच आहे, तर दुसरं कशाला आपटा, इतक्या सहजपणे त्या बोलत होत्या. घराण्याची झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकायला हात सुनेचा हवा होता.

ती बाहेर आली. अप्पा ओसरीवर सदऱ्याची गुंडी लावत होते. चार वेळा बोटं घसरली, तेव्हा त्यांनी सदरा तसाच उघडा सोडला. देविकेचा राग होता तिथेच राहिला, पण त्याच्या वर भीती येऊन बसली. गोळी एकदम तुटली तर फिटचा झटकासुद्धा येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

"अप्पा, डॉक्टरकडे जायचंय. माझ्यासोबत येता?"

"चल ना," श्रीकृष्णराव लगेच उठले. आजारी सुनेला सोबत करण्यात कमीपणा कसला?

डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर देविकेने खुर्ची ओढली ती सासऱ्यांसाठी.

"बीमार तो ये हैं," श्रीकृष्णराव उभ्याउभ्याच म्हणाले.

डॉक्टरांनी एकवार त्यांच्या हातांकडे पाहिलं. "बाबूजी, आप बैठिए."

ते बसले. देविकेने दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं, अडकित्त्यासकट. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"दूसरे की दवा, बिना जाँच के, और फिर एकदम बंद? गिर जाते, दौरा पड़ जाता, तब?" त्यांनी रक्तदाब तपासला, दारू घेता का, आणखी कोणती औषधं चालू आहेत, ते विचारलं. मग श्रीकृष्णरावांच्या नावाने नवा पर्चा लिहिला. रोज रात्री अर्धी, आठवड्याने पुन्हा दाखवायचं, मग हळूहळू कमी करू. उरलेली अर्धी बंद डबीत, दुसऱ्या रात्रीसाठी. "और देविका जी, आप बिल्कुल ठीक हैं. स्कूल जाइए, खूब पढ़ाइए."

हे वाक्य ऐकायला ती दोन वर्षं थांबली होती. जिना उतरताना तिने अप्पांचं कोपर धरलं होतं, तरी तिला हलकं वाटत होतं.

खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथून वसुंधराबाई गालाला रुमाल लावून बाहेर पडल्या. मराठी मंडळात त्यांचा शब्द चाले, आणि देविकेच्या शाळेच्या समितीवरही.

"अय्या, श्रीकृष्णराव! इकडे कुठे?" त्यांची नजर वरच्या पाटीवर गेली. वर पाटी एकच होती, मनोविकारतज्ज्ञांची.

पर्चा श्रीकृष्णरावांच्या खिशात होता. देविकेने धरलेला हात थरथरत होता.

"बहूला दाखवायला आणलं होतं," ते म्हणाले. "पुन्हा जरा सुरू झालंय. तुम्हाला तर माहीतच आहे."

'पर्चा बघा,' एवढे दोनच शब्द देविकेच्या जिभेवर आले. पण अप्पांचा सगळा भार तिच्या हातावर होता, पाय पायरी चाचपत होता, आणि डोळे तिच्याकडे बघत नव्हते. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची तिला तिथेच चीड आली.

"जप हो स्वतःला," वसुंधराबाई तिला म्हणाल्या.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. "देविका जी, आप पहले आराम कीजिए। इस साल के लिए हमने दूसरी टीचर देख ली है।"

स्वयंपाकघरात देविकेने फोन खाली ठेवला. काय झालं ते तिने सांगितलं. वसुंधराबाईंचं नावही घेतलं. पाटावर बसलेले अप्पा ताटाकडे बघत राहिले.

"वसुंधराबाईंना फोन लावू का?" ते म्हणाले.

"आणि काय सांगणार?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

अप्पांनी ताट दूर सारलं. प्रमोदिनीबाईंनी नवी पट्टी फोडली, अडकित्ता दाबला. एक तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला. दुसरा बोटांत धरून क्षणभर त्यांनी देविकेकडे पाहिलं, आणि डोळ्यांत खरोखरीची माया आणून तो तिच्यापुढे केला.

"घे. आज तुला लागेल. वाया कशाला घालवायची?"

देविकेने तो तुकडा घेतला, डबीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

"ही अप्पांची आहे, आई," ती म्हणाली. "उद्याची."