मानेमागचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. पण तोंड बघायचा नव्हे. तोंड बघायचा आरसा निराळा. तो सलूनच्या भिंतीवर ऐटीत बसलेला असतो, त्याला सोनेरी चौकट असते आणि आत येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यासमोर केस सारखे करतो. मी हातात मावणारा, लाकडी मुठीचा, गोल आरसा. केस कापून झाले की कारागीर ज्याला मानेमागे धरतो आणि "बघा, ठीक आहे ना?" असं विचारतो, तो मी.

माझा जन्म एका काचवाल्याच्या कारखान्यात झाला. कपाटांचे मोठे आरसे कापून झाल्यावर उरलेल्या तुकड्यातून मला गोल कापून काढलं. कडा घासून बोथट केल्या, पाठीला चकाकीचा लेप दिला, वर तांबड्या रंगाचा हात मारला आणि मूठ बसवली. उरल्यासुरल्यातून जन्म झाला म्हणून मी काही रडत बसलो नाही. भिंतीवरच्या त्या मोठ्याला जन्मभर एकाच जागी राहावं लागतं. मी मात्र माणसाला त्याचं न दिसणारं अंग दाखवतो. हे काम त्याला सात जन्मांत जमायचं नाही.

मला विकत घेतलं ते उस्तादने. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. वस्तरा धरावा तर त्यानेच, म्हणून सगळे उस्ताद म्हणायचे. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एका खुर्चीमागे तो आणि लेक मोठी झाल्यावर दुसऱ्या खुर्चीमागे ती. लेकीचाही हात चांगला होता. पण बाप बघत असला की तिची कात्री उगीच गिऱ्हाइकाच्या कानाजवळ घुटमळायची. उस्तादला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्याच्या हाताखाली आजवर कुणाला रक्त आलं नव्हतं. नवीन गिऱ्हाईक वस्तरा बघून आखडलं की तो म्हणायचा, "निवांत बसा साहेब. टिपूस जरी दिसला तरी दुकान बंद करीन."

या कामाची रीत अशी की गिऱ्हाईक बसतं आणि कारागीर उभा राहतो. शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत उस्ताद उभा. पायांत पातळ रबरी चपला. खाली कापलेल्या केसांचा सडा. तुम्हाला सांगतो, केस दिसतात मऊ, पण कापलेला बारीक केस म्हणजे काटाच. तो तळव्यात, बोटांच्या बेचक्यांत घुसतो. लेक बूट घालायची. उस्तादला बुटांत गुदमरल्यासारखं व्हायचं. दुपारी गर्दी ओसरली की तो चिमटा घेऊन बसायचा आणि पायांतले केस उपसायचा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या, टाचांना भेगा पडलेल्या असायच्या. "पायच ते, त्यांचे काय लाड करायचे!" असं म्हणून पुन्हा उभा.

आता माझ्या धंद्यातली एक गंमत सांगतो. मला मानेमागे धरून "ठीक आहे ना?" विचारलं की गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं. "वा, मस्त!" पण बघतं कोण? मी तर समोरच्या आरशातून त्यांचे डोळे बघत असतो. कुणाची नजर घड्याळावर, कुणाची स्वतःच्या मिशीवर. मानेमागे मी भुताटकी दाखवली असती तरी त्यांनी "वा, मस्त!" म्हटलं असतं. या गोष्टीचा मला राग यायचा. मग मी आहे तरी कशासाठी?

उस्तादला साखरेचा आजार होता. गोळ्या होत्या, आठवल्या की घ्यायच्या, नाही आठवल्या तर नाही. हळूहळू त्याच्या पायांतली जाणीव कमी होत गेली. हे त्याला कळलं नाही, मला कळलं. गिऱ्हाइकाभोवती फिरता फिरता त्याची एक चप्पल पायातून निसटून मागेच राहायची आणि तो तसाच अनवाणी कात्री चालवत राहायचा. खुर्चीतलं माणूस हसायचं, "उस्ताद, चप्पल रुसून मागे राहिली वाटतं!" तोही हसायचा. सगळं सलून हसायचं. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, मित्रांनो. चप्पल पायातून निघाली हे पायाला कळू नये, याचा अर्थ पाय आतून मुका होत चालला होता.

त्यातच त्याच्या उजव्या पायाला, करंगळीच्या खाली, एक भोवरी, म्हणजे कुरूप, झाली. आधी टणक ठिपका, मग बटणाएवढा गोळा. अशा वेळी दुसरा माणूस लंगडत का होईना डॉक्टरकडे गेला असता. पण उस्तादच्या हातात वस्तरा होता ना! सगळ्या बाजारपेठेची दाढी करणारा हात स्वतःची भोवरी कापायला घाबरेल होय? त्याने नवं पातं लावलं, पाय गुडघ्यावर घेतला आणि भोवरी छान गोलाकार तासून काढली.

लेक ओरडली, "बाबा, हे काय करताय? रक्त येईल!"

"माझ्या हातून?" त्याने पातं पुसलं. "आणि बघ, दुखलंसुद्धा नाही."

दुखलं नाही याचाच त्याला आनंद झाला होता. मी तिथेच फळीवर होतो. माझं तोंड छताकडे होतं आणि त्यात फिरणारा पंखा दिसत होता. त्या वेळी कुणीतरी मला उचलून त्याच्या तळव्याखाली धरायला हवं होतं.

त्यानंतर घरातली दोघंही विचारायची. बायको सकाळी डबा देताना विचारायची, "अहो, पाय बरा आहे ना?" लेक शटर लावताना विचारायची. आणि हा मान डोलावायचा, "मस्त!" अगदी गिऱ्हाइकांसारखा.

सुट्टीच्या दिवशी उस्ताद घराबाहेर पडू न शकणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचा. पिशवीत कात्री, कंगवा, वस्तरा, साबणाची वाटी आणि मी. त्यांतलं पहिलं घर म्हाताऱ्या पोस्टमनकाकांचं. उन्हातान्हात गावभर टपाल वाटलेला माणूस, पण आता त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. खिडकीशी आरामखुर्ची, मांडीवर चादर आणि जिभेवर धार. पाय कसा गेला हे उस्तादने कधी विचारलं नव्हतं. असं तोंडावर विचारायचं तरी कसं?

त्या दिवशी फरशी नुकतीच पुसलेली होती. उस्तादने काकांच्या तोंडाला साबण लावला, डावा गाल सफाचट केला आणि उजवीकडे जायला वळला. तेवढ्यात काका म्हणाले, "उस्ताद, फरशीवर ते लाल काय?"

उस्तादने खाली बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, काकांना कापलं. जन्मात पहिल्यांदा! त्याने टॉवेलने काकांची हनुवटी टिपली, गळा बघितला, कानामागे बघितलं. "कुठे लागलं काका? सांगा ना, कुठे लागलं?"

"अरे, मला कुठे लागलंय? डाग तुझ्या मागे मागे येतायत."

खरंच होतं ते. खुर्चीच्या या बाजूने त्या बाजूला, तो जिथे जिथे वळला होता तिथे तिथे डाग. त्याने उजवी चप्पल काढली. ती आतून ओली होती, लाल. तो चपलेकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाची तरी असावी, असं त्याला वाटत असणार.

"दुखतंय?" काकांनी विचारलं.

"छे! अजिबात नाही." त्याला जरा धीर आला. "म्हणजे विशेष काही नसणार. घरी जाऊन हळद लावतो. तोंड वर करा, हा गाल राहिलाय."

काकांनी त्याचं मनगट धरलं. "मीपण हेच म्हटलं होतं. दुखत नाही, विशेष काही नाही. सायकलच्या पायडलने घासलं होतं, एवढंसं. बायको रोज मागे लागायची, दाखवा म्हणून. मी म्हटलं, टपाल कोण वाटणार?" त्यांनी चादर बाजूला केली. "आता सांग, कोण वाटतंय?"

उस्ताद खाली बघत म्हणाला, "काका, उद्या जातो. हा गाल तेवढा—"

"हात लावायचा नाही! तू आधी पाय दाखवून ये. तोवर हा गाल असाच राहील. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगेन की हे उस्तादचं काम आहे."

म्हातारा खरंच ऐकेना. साबण वाळून पापडी धरली तरी ऐकेना. अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक खिडकीत बसवून जाणं उस्तादला मरणाहून वाईट वाटत होतं. त्याने लेकीला फोन केला आणि ती त्याला घेऊन थेट पायांच्या डॉक्टरांकडे गेली. पिशवी त्याच्या हातातच होती, म्हणून मीही गेलो.

डॉक्टरबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी उस्तादला आडवं केलं आणि हातात ताठ नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. "काका, डोळे मिटा. पायाला टोचल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा."

उस्तादने डोळे मिटले. बाई अंगठ्याला टोचत होत्या, तळव्याला टोचत होत्या, टाचेला टोचत होत्या. लेक बघत होती. उस्ताद काहीच बोलत नव्हता. मग तो डोळे मिटूनच म्हणाला, "करा की सुरू, डॉक्टरबाई."

"झालं, काका," त्या म्हणाल्या.

लेकीने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू नये म्हणून तिने पिशवी उघडल्यासारखं केलं आणि तिच्या हाताला मी लागलो.

"आरसा आहे? द्या बरं," बाई म्हणाल्या. "काकांना त्यांचं त्यांनाच बघू द्या." त्यांनी मला त्याच्या तळव्याखाली धरलं. कापलेल्या भोवरीच्या जागी वरून पांढरं, निबर कातडं होतं आणि मध्ये काळसर छिद्र. आत खोल पोकळी होती. मी आजवर हजारो माना दाखवल्या, पण इतकं अवघड काही दाखवलं नव्हतं. उस्ताद बघत राहिला. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यात मन लावून बघत होतं.

"हे पातं लावल्यामुळे झालं?" त्याने हळूच विचारलं.

"पात्याने सुरुवात झाली. पुढे तुम्ही त्या जखमेवर उभे राहिलात. दुखलं असतं तर राहिला नसतात."

"पाय जाईल का हो?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलंय का ते बघावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू."

हाडापर्यंत गेलं होतं. करंगळी काढावी लागली. पाय वाचला. बाई नंतर म्हणाल्या, की थोडं आधी आला असतात तर करंगळीही राहिली असती. पोस्टमनकाकांचा उरलेला गाल लेकीने जाऊन पूर्ण केला. बाप डॉक्टरांकडे पोचल्याची खात्री करून घेतल्यावरच त्यांनी तिला गालाला हात लावू दिला म्हणे.

मग माझे वाईट दिवस आले. सलून लेक चालवू लागली. तिने प्लॅस्टिकचा, हलका, नवा आरसा आणला. मी घरी पिशवीत पडून राहिलो. मूठ ढिली झाली, पाठीचा रंग उडाला. उस्ताद खिडकीशी पाय वर ठेवून बसायचा आणि रिकामी बोटं हवेत कात्रीसारखी हलवायचा. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. उभं राहता येईल की नाही, एवढी एकच गोष्ट तिथे होती आणि ती कुणी विचारत नव्हतं.

एके सकाळी त्याच्या बायकोने मला बाहेर काढलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रोज तळवा बघायचा; वाकता येत नसेल तर आरशात बघायचा. तिने मला पुसलं, त्याच्या पायाखाली धरलं आणि म्हणाली, "बघा, ठीक आहे ना?"

सवयीने त्याची मान डोलायला लागली होती. ती मध्येच थांबली. तो पुढे झुकला. टाच, कडा, बोटांच्या बेचक्या, करंगळीच्या जागेचा व्रण, सगळं सावकाश बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला. बायकोने पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेली. त्या दिवसापासून माझं काम सुरू झालं.

जखम पूर्ण भरली. पायाच्या मापाचे मऊ बूट आले. ज्यांत गुदमरायचं, ते बूट तो आता घालण्याआधी हात घालून तपासू लागला, आत खडा नाही ना, केस नाहीत ना. आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही पुन्हा पोस्टमनकाकांच्या घरी गेलो. या वेळी उस्तादने स्टूल ओढून घेतलं आणि बसून दाढी करायला लागला.

डावा गाल सफाचट झाला. मग त्याने वस्तरा मिटला, मला पिशवीतून काढलं आणि काकांच्या मांडीवरची चादर बाजूला केली.

"ए, काय करतोस? तो पाय चांगला आहे," काका दचकून म्हणाले.

"कधी बघितलात?"

गेलेल्या पायाचं दुःख करता करता राहिलेल्याकडे त्या घरात कुणी बघितलंच नव्हतं. उस्तादने मला टाचेखाली धरलं. टाचेवर, खुर्चीपुढच्या लाकडी पाटावर टेकून टेकून, एक लालसर चट्टा उमटला होता. कातडं फुटलेलं नव्हतं. अजून नव्हतं.

दोघांनी तो बराच वेळ बघितला. मग उस्तादने वस्तरा, वाटी, टॉवेल असं सगळं पिशवीत भरलं.

"अरे, माझा दुसरा गाल?" काका ओरडले.

"डॉक्टरबाईंना पाय दाखवून या. तोवर तो असाच राहील. रिक्षा मी आणलीय, लेक बाहेर थांबलीय."

काका शिव्या देत, साबण लावलेल्या अर्ध्या तोंडाने, कुबड्या मागायला लागले. टाच वेळेवर सापडली. तो पाय अजून आहे.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. कडेला डाग पडलेत आणि मूठ दोऱ्याने बांधलेली आहे. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस असेल, साखरेचा आजार असलेलं, दिवसभर उभं राहणारं किंवा वाकता न येणारं, तर त्याच्या तळव्याखाली एखादा आरसा धरा. चप्पल निसटली तरी कळत नसेल, भोवरी झाली असेल, नख मांसात रुतत असेल, रंग बदलला असेल, जखम रेंगाळली असेल, तर पातं हातात घेऊ देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. ते "मस्त!" म्हणतील, मान डोलावतील. तुम्ही आरसा खाली घेऊ नका. ते खरंच बघेपर्यंत धरून ठेवा.